दाराचा आणि रानाचा

खोली दाखवताना मावशीनं मला नळ दाखवला नाही, पंखा लावून दाखवला नाही, दाराची कडीसुद्धा दाखवली नाही. थेट मागच्या भिंतीपाशी नेलं आणि छताच्या हातभर खाली असलेल्या एका भोकाकडे बोट केलं. मुठीएवढं, गोल, आरपार.

"ह्ये बुजवायचं नाय," ती म्हणाली. "तितं आदीच बिऱ्हाड हाय. तुज्या आदीपासून हाय. जमत असंल तर रा."

मी सांगलीकडची. बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि आठ दिवस मी ओळखीच्यांच्या घरी पाहुणी म्हणून राहून त्यांना नकोशी झाले होते. चिंचणीत खोली आहे, समुद्र जवळ आहे, हवेशीर आहे, एवढंच कळलं होतं. ती इतकी हवेशीर का आहे ते आता समोर दिसत होतं. भोकात काय राहतं, साप की उंदीर, हे विचारायचाही मला धीर झाला नाही. मी "जमेल, तुम्ही काळजी करू नका" म्हटलं.

"तुमी कोनाला?" मावशी म्हणाली. "आमच्यात मावशीला तू अस्ते."

त्या दिवसापासून ती मला मावशी आणि मी तिला 'बाय'. घर तिच्या मुलानं नवं बांधलं होतं, स्लॅबचं, पुढे गुळगुळीत फरशी वगैरे. मुलगा आणि सून पुढे राहत, मागच्या अंगणाकडच्या दोन खोल्या मावशीच्या, त्यातली एक मला. बांधकाम चालू असताना गवंड्यानं ते भोक दोनदा बुजवलं आणि मावशीनं दोन्ही वेळा स्टुलावर चढून ओला माल हातानं उकरून काढला, असं सून सांगायची. जुन्या घराच्या भिंतीतही त्याच जागी भोक होतं म्हणे. घर बदललं तरी पत्ता बदलता कामा नये, एवढंच मावशीचं म्हणणं.

बिऱ्हाड होतं दयाळाचं. काळापांढरा, बुलबुलाएवढा, शेपटी सदा वर. पहिल्याच पहाटे त्यानं मला उठवलं. अंगणात बोंबील वाळत घालायचा बांबूचा उंच मांडव होता आणि त्याच्या पलीकडे उंडीचं झाड. त्या उंडीच्या शेंड्यावर बसून तो असा गात सुटला की मी गजराचं घड्याळ पिशवीत टाकलं ते पुन्हा बाहेर काढलंच नाही. मी तेव्हा पक्षी बघायला नुकतीच शिकत होते. शिकत होते म्हणजे काय, मोबाइलमध्ये पक्ष्यांची यादी होती आणि दिसेल त्याच्यापुढे टिक करत होते. दयाळापुढे टिक केली आणि मोठ्या तोऱ्यात मावशीला त्याचं नाव सांगितलं.

"असंल," ती म्हणाली. "आमी त्याला दाराचा बोलतो."

"दाराचा?"

"दारात रातो म्हनून दाराचा. त्याचा भाव रानात रातो. तो रानाचा."

हा रानातला भाऊ कोण हे मला महिनाभर कळलं नाही. मावशी त्याचं वर्णन करायची तेही तिच्या पद्धतीनं: पोट पिकल्या चिंचेच्या रंगाचं, शेपटी "नेसायला दिली तर पुरंल" इतकी लांब, आणि स्वभाव मानी. शेवटी यादीत सापडला. शामा. गंमत म्हणजे शास्त्रातही हे दोघे अगदी जवळचे नातेवाईक आहेत. मावशीला ते शास्त्रानं सांगितलेलं नव्हतं. तिनं फक्त दोघांचं गाणं ऐकून ठरवलं होतं.

मावशीची एक खोड साऱ्या चिंचणीला ठाऊक होती. ती शीळ घालायची. सत्तरीची बाई, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि रस्त्यानं शीळ घालत जायची. सूर नेहमी तेच. दोन लांब सूर, मग एक गिरकी, आणि शेवटी काहीतरी विचारल्यासारखा वर चढत जाणारा एक सूर. बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणून सासूनं तिला डागण्याची धमकी दिली होती, पुढे सुनेनंही एकदोनदा नापसंती दाखवली. दोघींनाही तिनं एकच उत्तर दिलं: "पाखरानं शिकवली, आता परत कशी करू?"

त्यामागची हकिगत मला हप्त्याहप्त्यानं कळली, म्हणजे बोंबील उलटेपालटे करताना, सुकट निवडताना. लग्न होऊन आल्यावर ती सासूबरोबर सुक्या मासळीची टोपली घेऊन गाडीनं सफाळ्याला उतरायची आणि तिथून चालत डोंगराखालच्या पाड्यांवर जायची. मासळी द्यायची, भात घ्यायचा. माप कोणी धरायचं नाही. सासू पाड्याच्या तोंडाशी उभी राहून बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकायची. मावशीला ओरडायची लाज वाटे. पाड्याआधी एक ओढा होता आणि ओढ्यावर बांबूचं बन. त्या बनात रानाचा गायचा. सासू थकली, मावशी एकटी जाऊ लागली, तेव्हा तिनं त्याचेच चार सूर उचलले आणि आरोळीच्या जागी शीळ घातली. पाड्यावर तिच्याच वयाची एक नवी नवरी होती. ती शीळ ऐकली की घरातून "ओ" द्यायची आणि हात पुसत बाहेर यायची. ती मावशीची मैत्रीण. चाळीस वर्षं इकडून शीळ आणि तिकडून ओ. मावशी तिला नावानं कधीच हाक मारत नसे. 'मैतरीन' एवढंच.

"पयले शीळ येते, मंग वास येतो, मंग ती येते," असं मैत्रीण म्हणायची, हे सांगताना मावशी स्वतःच पोट धरून हसायची.

मी तिला ओळखू लागले तेव्हा गुडघ्यांनी तिचं जाणं थांबवून चार वर्षं झाली होती. मैत्रीण डोंगर सोडून कुठं जात नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप पोचायचे, कधी भाताची पिशवी, कधी सुक्या जवळ्याची. पण निरोपातून शीळ कशी जाणार? आणि रानाच्याचं गाणं तरी कसं येणार? संध्याकाळी अंगणातल्या पाटावर बसून मावशी पूर्वेकडे, बोईसरच्या धुराड्यांच्याही पलीकडे बघत राहायची. "असंल का गं तो?" असं मला विचारायची. मला काय माहीत असणार! पण माझ्याकडे मोबाइल होता, आणि ज्याच्याकडे मोबाइल असतो त्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

"मावशी, काही काळजी नाही," मी सांगितलं. "ही बघ यादी. जगातल्या सगळ्या पक्ष्यांची आहे. कोण धोक्यात, कोण नाही. दाराच्यापुढे लिहिलंय, चिंतेचं कारण नाही. रानाच्यापुढेही तेच. दोघं एकाच रकान्यात."

मावशीनं बोंबील खाली ठेवला. "दोगं येकाच रकान्यात?"

"हो."

"ह्यो बाथरूमच्या पाइपात अंडी घालतो. मानसानं हाकलला तर मानसाच्या अँटेन्यावर बसून गातो. ह्याला काय होतंय? आनि तो! त्याला बांबू लागतो, सावली लागते, ओढ्याचं पानी लागतं. मानूस खोकला तरी गप बसतो. दोगांची चिंता सारकीच?"

मी समजावून सांगितलं की शामा पुष्कळ देशांत आहे, दक्षिणेकडे आहे, घाटात आहे, एकंदरीत संख्या बरी आहे. म्हणून जगाच्या हिशेबात चिंता नाही.

"म्हंजे दुसरीकडं हाय म्हनून आमचा गेला तरी चालंल?" ती म्हणाली. "बाजारात पापलेट दिस्तो, म्हनून आमच्या दर्यात हाय असं होतं काय? ज्यानं ह्यो कागद केला तो सफाळ्याला उतरला होता?"

रसायनशास्त्रात मला पहिला वर्ग होता, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आजही पक्षी बघणाऱ्या मंडळींत कोणी 'चिंतेचं कारण नाही' म्हटलं की माझ्या तोंडाशी येतं, सफाळ्याला उतरला होतात का?

दुसरी चूक मी हौसेनं केली. मोबाइलवर शामाच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण सापडलं. म्हटलं, म्हातारीला डोंगर दाखवता येत नाही तर निदान गाणं ऐकवू. अंगणात बसवून आवाज मोठा करून लावलं. मावशी डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं आता रडणार. तेवढ्यात उंडीवरून दाराचा बाणासारखा खाली आला, मोबाइलपासून वीतभर अंतरावर बसला, शेपटी उभारून, गळा फुगवून, आणि मोबाइलला अशा काही शिव्या घालू लागला की मी घाबरून तो बंद केला.

"त्याच्या दारात दुसऱ्याला आनून भांडन लावू नको," मावशी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आनि ह्यो आमचा नाय."

"अगं, शामाच आहे. लिहिलंय तसं."

"शामा असंल. आमचा नाय. गातो बरा, पन ह्याची बोली येगली हाय. घाटावरचा दिस्तो. तुज्यासारका."

मला तेव्हा हसू आलं. नंतर पुस्तकात वाचलं की खरोखरच एकाच जातीचे पक्षी जागोजागी थोडं वेगळं गातात. जिनं आयुष्यभर दर चार मैलांवर माणसांची बोली बदलताना ऐकली, चिंचणीची वेगळी, उमरोळीची वेगळी, पाड्याची वेगळी, तिला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पण ह्यातला खरा घोर मला त्या दिवशी उमगला नाही. यादीवाल्यांच्या दृष्टीनं शामा गेला तर एका ठिकाणचा एक पक्षी जाणार होता. मावशीच्या दृष्टीनं एक बोलीच जाणार होती, आणि ती बोलणारं दुसरं कोणी उरणार नव्हतं. तिच्याशिवाय.

एक गोष्ट ती क्वचित सांगायची. गुडघे धड होते तेव्हा, बोईसरच्या बाजारात एक पाखरंवाला आडोशाला बसायला लागला. मुनिया, पोपट, आणि एक पिंजरा कापडानं झाकलेला. मावशीनं कापडाखालून येणारा रानाच्याचा आवाज ओळखला. तिनं आपली जवळ्याची टोपली उचलली आणि त्याच्या अगदी मांडीला मांडी लावून बसली. गिऱ्हाईक यायचं, नाक धरायचं, जायचं. "माँजी, थोडा हटके बैठो ना," तो विनवायचा. "बाजार सबका है, बेटा," मावशी सांगायची. तीन बाजार तिनं त्याला असं छळलं. चौथ्या बाजाराला तो आलाच नाही. सगळा बाजार तिच्या नावानं हसला, शाबासकी दिली.

"नाक मुरडून पलाला तो," मावशी म्हणायची. "पन पाखरू घेऊन पलाला. मी शानपना करत बसले. तवाच कापड वडून दार उगडायला हवं होतं." आणि मग हळूच, "त्या डोंगराचाच असंल काय गं तो?"

तर असं होतं. म्हणून तिला एकदा कळायला हवं होतं की बांबूच्या बनात अजून एक तरी आहे. एका फाल्गुनात ती मला म्हणाली, "बाय, तू जाशील? येकदाच जा. फक्त आयकून ये."

मी गेले. जवळ्याची पिशवी घेऊन पहाटेच्या गाडीनं सफाळ्याला उतरले आणि विचारत विचारत डोंगराखाली पोचले. ओढा सापडला. बन सापडलं नाही. ओढ्याच्या एका काठाला मुरूम काढून काढून डोंगर अर्धा कापलेला, लाल, उघडा, आणि खाली ट्रकांच्या चाकोऱ्या. बांबूचे बुडखे तेवढे उरले होते, वाळलेले. मी दोन तास बसले. बुलबुल ओरडले, कोतवाल ओरडला, दूर पाड्याच्या बाजूला एक दयाळसुद्धा गायला.

पाड्यावर गेले. मला शीळ घालता येत नाही, म्हणून नुसतीच दारात उभी राहिले. मैत्रीण बाहेर आली. वाळलेली, ताठ, डोळे भारी तल्लख. पिशवीचा वास घेतला आणि ओळखलं.

"तिनं धाडली तुला?"

"हो. रानाचा ऐकायला."

तिनं कापलेल्या डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बांबू गेला, तवाच तो गेला. तीन पावसाळं झालं." बराच वेळ ती जवळा बोटांनी चाळत बसली. "तिला नको सांगू. हाय म्हनून सांग. तिचा काय, ती काय येनार हाय बगायला?"

परतताना तिनं भाताची पिशवी दिली. सबंध वाटेवर मी खोटं बोलायची तालीम करत आले.

मावशी अंगणात बोंबील चिरत बसली होती. मी चपला काढायच्या आधीच तिनं मान वर केली.

"ऐकला!" मी म्हणाले. "चांगला अर्धा तास ऐकला. तुझे तेच सूर, मावशी. अगदी तेच."

तिचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. "कुटं बसलेला?"

ह्याची तालीम मी केली नव्हती. मी आयुष्यात शामा पाहिलेला नव्हता. मला गाणारा पक्षी म्हणजे उंडीवरचा तो एकच माहीत. "सागाच्या शेंड्यावर," मी ठोकून दिलं. "अगदी उघड्यावर. छान दिसला."

कोयता थांबला. क्षणभरच. मग पुन्हा चालू झाला.

"बरं झालं," मावशी म्हणाली. "बरं झालं, बाय. दमली असशील. हात धू, जेवायला बस."

त्या दिवशी तिनं मला बोंबलाचं कालवण वाढलं आणि मैत्रिणीच्या तांदळाचा भात, आणि मी नको नको म्हणत असताना आपल्या ताटातला तुकडा उचलून माझ्या ताटात टाकला. पक्ष्यांचं पुस्तक मी दोन आठवड्यांनी उघडलं. शामाच्या पानावर पहिल्याच ओळीत होतं: दाट झाडोऱ्यात, जमिनीलगत राहतो, सहसा उघड्यावर येत नाही. आणि हे तिनंच मला कितीदा सांगितलं होतं! बांबू लागतो, सावली लागते. मी ते ऐकलं होतं आणि ऐकलंही नव्हतं. लाजेनं मला त्या रात्री धड झोप लागली नाही. पण कबूल करायचं मात्र धाडस झालं नाही, आणि तिनंही विषय काढला नाही. 'असंल का गं तो?' हा प्रश्न तिनं पुन्हा कधीच विचारला नाही.

त्याऐवजी तिनं एक नवीन खूळ घेतलं. पहाटे दाराचा उंडीवर गायला बसला की ती अंगणात पाट टाकून त्याच्यासमोर बसायची आणि तो श्वास घ्यायला थांबला की शीळ घालायची. दोन लांब, एक गिरकी, एक वर चढणारा. तो मान वाकडी करून बघायचा, चिडायचा, पुन्हा आपलं सुरू करायचा. ती पुन्हा. रोज. सून म्हणायची, सासूबाईंना भ्रम झालाय. मी विचारलं तर म्हणाली, "आटवन करून देते त्याला. भाव हाय ना त्याचा."

पुढच्या वर्षी माझी वापीला बदली झाली. निघताना मी भोकाला नमस्कार केला, मावशी खूप हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "फोन नको करू. फोनवर काय आयकू येत नाय. तूच येत जा." मी दोनदा गेले. दोनदाच गेले, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

चैत्रात तिच्या मुलाचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाराव्याला थांबले, माझ्याच जुन्या खोलीत. त्या सकाळी पाड्यावरची मैत्रीण आली, नातवाच्या मोटरसायकलवरून, मांडीवर तांदळाची पिशवी घेऊन. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा चिंचणीला येत होती. रडली नाही. सून नको म्हणत असताना पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली आणि आणलेले तांदूळ पाखडायला बसली.

मी अंगणात होते. मावशीचा पाट भिंतीला उभा करून ठेवलेला होता. उंडीच्या शेंड्यावर, अगदी उघड्यावर, दाराचा येऊन बसला. तोच होता की त्याचा मुलगा, कोण जाणे. आपलं नेहमीचं गायला. थांबला. मग दोन लांब सूर, एक गिरकी, आणि शेवटचा तो विचारल्यासारखा वर चढत गेला. मावशीची बोली, जशीच्या तशी. मी खोटं सांगितलं होतं ते तो झाडावर बसून खरं गात होता.

"ओ!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

सूप खाली पडलं. मैत्रीण हात पुसत लगबगीनं बाहेर आली, माझ्याकडे न बघता अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली, चाळीस वर्षं राहायची तशी. रस्त्यावर कोणी नव्हतं.